शंभरापैकी पंच्याण्णव

सद्गुणाला मार्क असावेत की नसावेत, हा प्रश्न फार जुना आहे. आमच्या जिल्ह्यात तर तो सातशे वर्षांपूर्वीच निघाला आणि तोही थेट डोक्यावर थापटणं मारून. तेरला गोरोबाकाकांच्या घरी संतमंडळी जमली होती. मुक्ताबाईनं कोपऱ्यातल्या थापटण्याकडे बोट दाखवून विचारलं, हे काय? काका म्हणाले, यानं मडकं कच्चं की पक्कं ते कळतं. मग आमचीही मडकी बघा की, असं मुक्ताबाईनं म्हणायचा अवकाश, काका उठले आणि एकेकाच्या डोक्यावर थापटणं मारत निघाले. सगळे मुकाट बसले. नामदेव तेवढे कुरकुरले. निकाल जागच्या जागी लागला : एवढं एक मडकं कच्चं.

ही आख्यायिका लहानपणापासून ऐकत आलो आहे आणि तितक्याच काळापासून मला एक शंका छळते. बाकीचे गप्प बसले ते पक्के होते म्हणून, की परीक्षा चालू आहे हे त्यांना कळलं होतं म्हणून? संतांविषयी असं विचारू नये हे मला ठाऊक आहे. पण मी बँकेत कारकून आहे. तपासणीचं पथक येणार अशी कुणकुण लागली की आठ दिवस आधी आमच्या शाखेतली सगळी मडकी पक्की होतात. एरवी खातेदाराकडे मान वर करून न बघणारे सद्गृहस्थ त्याला खुर्ची देतात, पाणी विचारतात, मुलीच्या लग्नाचं कुठवर आलं हेही विचारतात. खातेदार बिचारा घाबरतो. आपल्या खात्यात काही घोटाळा निघाला की काय, असं त्याला वाटतं.

हे सगळं आठवायचं कारण पोलिसांचा एक खेळ. आमचे चिरंजीव हल्ली संगणकावर खेळतात तो. नाव ‘स्वॉट फोर’. निघाला २००५ साली, म्हणजे चिरंजीवांपेक्षाही वयानं मोठा. पण जुना असल्यामुळे आमच्या जुन्या यंत्रावर चालतो, आणि मला नवं यंत्र घ्यावं लागत नाही म्हणून मीही त्याला उत्तेजन देतो. अमेरिकेत ज्या पोलीस पथकाला दार फोडून ओलीस सोडवायला पाठवतात, त्या पथकाचा नायक आपण. हाताखाली चार गडी, दोन लाल पट्टीचे, दोन निळ्या. दाराखालून सरकवून पलीकडचं बघायची दुर्बीण, डोळे दिपवणारा बार, मिरचीचा फवारा, आणि अर्थात बंदुका.

बंदूक आहे म्हटल्यावर माणसाला वाटतं की ती चालवायची. इथंच गंमत आहे. समोर हत्यारबंद माणूस दिसला तरी आधी ओरडायचं : पोलीस! हत्यार टाक! त्यानं नेम धरला तरच गोळी. तो पळत असेल, नुसता उभा असेल, बंदूक खाली धरून विचार करत असेल आणि तुम्ही गोळी घातलीत, तर शेवटी जो हिशेबाचा कागद येतो त्यात ‘अनधिकृत बळाचा वापर’ असा रकाना असतो आणि मार्क कापलेले असतात. माणूस मेला तर ‘अनधिकृत प्राणघातक बळाचा वापर’, आणखी मार्क गेले. जमिनीवर पडलेलं हत्यार पुरावा म्हणून उचललं नाही, मार्क गेले. कोण पडला, कोण सापडला हे बिनतारी यंत्रावरून वरिष्ठांना कळवलं नाही, मार्क गेले. आणि सगळ्यात कडक इयत्तेत पुढं सरकायला शंभरापैकी ९५ लागतात. आमच्या वेळी बी. कॉम.च्या अख्ख्या वर्गात मिळून एवढे मार्क कुणी पाहिले नव्हते.

ओलिसांनाही बेड्या घालाव्या लागतात, हे तर मला फार आवडलं. ज्याला सोडवायला आलो त्यालाच आधी गुडघ्यावर बसवायचं, हात मागे बांधायचे, वर कळवायचं आणि मग तो सुटला असं समजायचं. परदेशातल्या खेळाडूंना याचं नवल वाटतं म्हणे. आम्हाला नाही वाटत. दर नोव्हेंबरात आमच्या खिडकीसमोर सत्तर-पंच्याहत्तर वर्षांचे पेन्शनर उभे राहतात, खोकतात, नातवाचं कौतुक सांगतात, पंखा लावा म्हणतात, आणि आम्ही त्यांना सांगतो, आजोबा, आपण हयात असल्याचा दाखला आणा.

तर हा खेळ आला तेव्हा तिकडच्या समीक्षकांनी त्याचं काय केलं? आपल्याकडे नाटकांची परीक्षणं छापून येत तशी तिकडे खेळांची येतात, फक्त शेवटी मार्क असतात. या मार्क कापणाऱ्या खेळाला त्यांनी सरासरी शंभरापैकी ८०च्या वर मार्क दिले. कौतुक बंदुकांचं कमी आणि दाराबाहेरच्या त्या क्षणाचं जास्त. आत कोण आहे माहीत नाही, बोट घोड्यावर आहे आणि तरी ते दाबायचं नाही. त्यातलं एक घर तर गाजलं. फेअरफॅक्स नावाच्या खुन्याचं घर. तिथं फारसा गोळीबार होत नाही. अंधार, पसारा, तळघर, आणि घरात त्या खुन्याची म्हातारी आई. वीस वर्षं लोक त्या घराविषयी बोलताहेत.

आमचे साडूभाऊ मात्र या समीक्षकांशी सहमत नाहीत. महसूल खात्यातून निवृत्त झाल्यापासून ते दर रविवारी भूमचा खवा घेऊन आमच्याकडे येतात आणि जगातल्या एकेका गोष्टीचा निकाल लावून जातात. चिरंजीवांनी त्यांना खेळाचे नियम समजावून सांगितले, तेव्हा ते खुर्चीत सावरून बसले आणि म्हणाले, “म्हंजे गोळ्या घालायच्या खेळात गोळी घातली की मार्क कापत्यात व्हय? मग खेळायचं कशाला? त्यापेक्षा भजन बरं की!”

“काका, तो विचारतो ना, गरज होती का म्हणून,” चिरंजीव म्हणाले.

“गुंडाला विचारा की गरज होती का!”

साडूभाऊंना हसू नये. त्यांच्या बाजूनं पुष्कळ लोक आहेत. गलवानच्या चकमकीवरचा ‘फौजी’ नावाचा खेळ २६ जानेवारी २०२१ रोजी आपल्याकडे वाजतगाजत आला. पब्जीवर बंदी येऊन पाच महिनेही झाले नव्हते, तेव्हा भुकेलेली जनता तुटून पडली. आणि नंतर रुसली. कारणं पुष्कळ होती, पण त्यातलं एक वाचण्यासारखं होतं : सुरुवातीला त्यात बंदुकाच नव्हत्या, सगळी मारामारी हातानं आणि दांडक्यानं. आता गलवानला २०२० साली झालं तेही तसंच, कारण सीमेलगत बंदूक चालवायची नाही असा दोन देशांचा १९९६चा करार आहे. म्हणजे खेळ या एका बाबतीत खरा होता आणि त्यासाठीच त्याचे तारे गळाले.

पोलिसांच्या खेळांचं मूळ शोधू लागलो तर आणखी मौज सापडली. १९८७ साली अमेरिकेतल्या सिएरा कंपनीनं जिम वॉल्स नावाच्या एका निवृत्त महामार्ग पोलिसाला हाताशी धरून ‘पोलीस क्वेस्ट’ काढला. त्यात गाडी काढण्यापूर्वी गाडीभोवती एक फेरी मारून टायर बघायचे असतात. नाही बघितले तर थोडं पुढं गेल्यावर टायर बसतो आणि खेळ संपतो. चोर नाही, खून नाही, टायर! हा खेळ ज्यानं रचला त्यानं आयुष्यात नक्की एकदा तरी सरकारी तपासणी तोंडावर झेलली असणार. पुढं याच मालिकेचा चौथा भाग १९९३ साली आला, त्यावर डॅरिल गेट्स यांचं नाव ठळक छापलं होतं. हे लॉस एंजेलिसचे १९७८ ते १९९२ या काळातले पोलीसप्रमुख. ते दार फोडणारं पथक उभं करण्यात त्यांचा मोठा हात होता. त्यांच्याच कारकिर्दीत १९९१ साली पोलिसांनी रॉडनी किंग या काळ्या माणसाला रस्त्यावर पाडून झोडपलं, त्याचं चित्रण जगानं पाहिलं, १९९२ साली त्या पोलिसांना न्यायालयानं जवळजवळ पूर्ण सोडलं आणि शहर पेटलं. पन्नासाहून जास्त माणसं मेली. गेट्स त्या वर्षी गेले आणि पुढच्या वर्षी पोलिसांच्या खेळाचे सल्लागार म्हणून आले. ज्यांचे मार्क शहरानं रस्त्यावर उतरून कापले, त्यांनीच प्रश्नपत्रिका काढायला मदत केली. यावर त्या वेळीही लोकांनी नाकं मुरडली होती. मला इतकं वाईट वाटलं नाही. आमच्याकडे कर्जवसुलीचं प्रशिक्षण कोण देतं, हे मी सांगत नाही.

पण मूळ प्रश्न राहिलाच. चिरंजीव त्या अंधाऱ्या दाराशी उभे राहून “हत्यार टाक” असं तीनदा ओरडतात ते कशासाठी? समोरच्याचा जीव वाचावा म्हणून, की ९५ मार्क हवेत म्हणून? आमच्या अभ्यासक्रमात कॉस्टिंग होतं, कांट नव्हता. पण या जर्मन तत्त्वज्ञानं १७८५ साली एक उदाहरण दिलं ते वाणिज्य शाखेचंच आहे. एक दुकानदार आहे, तो लहान पोरालाही त्याच भावानं माल देतो, फसवत नाही. का? तर फसवलं तर गिऱ्हाईक तुटेल. वागणं बरोबर, पण कांट म्हणतो की नैतिक किंमत शून्य. आता मला सांगा, हा दुकानदार आमच्या बाजारपेठेत असता तर आपण त्याच्याकडूनच किराणा भरला असता की नाही? त्याचा हेतू कांटनं तपासावा. मला तूरडाळ चोख मिळाल्याशी मतलब. ओलिसाचंही तेच. सोडवणाऱ्यानं मार्कांसाठी घोडा दाबला नाही की करुणेपोटी, याची चौकशी तो नंतर सवडीनं करील. आधी त्याला जिवंत राहू द्या.

इथवर मी कांटला बरा हाताळला असं मला वाटत होतं. पण मार्कांची दुसरी बाजू आहे. मार्क कापता येतात तसे लावताही येतात. २००४ साली आपल्याकडे चकमकीत गुंड मारणाऱ्या पोलिसावर चित्रपट आला, त्याचं नावच ‘अब तक छप्पन’. नाव म्हणजे धावफलकच. आणि हा आकडा काही नुसत्या पडद्यावरचा नव्हता. मुंबई पोलिसांच्या १९९५ ते १९९७ या काळातल्या ९९ चकमकींचं प्रकरण, ज्यात सुमारे १३५ माणसं मेली, न्यायालयात गेलं. सर्वोच्च न्यायालयानं सप्टेंबर २०१४मध्ये त्यावर १६ सूचना दिल्या. चकमकीत माणूस मेला की स्वतंत्र चौकशी व्हावी, हत्यारं तपासणीला जावीत वगैरे. त्यातली एक सूचना मी कारकून म्हणून दोनदा वाचली : चकमकीनंतर लगेच बढती किंवा शौर्यपदक देऊ नये. न्यायमूर्तींना माणसाचा स्वभाव बरोबर ठाऊक होता. बढतीच्या यादीत नाव यायचं असेल तर माणूस काय काय करतो हे ज्यानं नोकरी केली आहे त्याला सांगायला नको. आम्ही विमा विकला आहे. ज्यांना विमा नको होता अशांना.

साडूभाऊंना मी हे ऐकवलं. ते म्हणाले, “कोर्टाचं सोडा. २०१९ला हैदराबादला चौघांना उडवलं तवा लोकांनी पोलिसांवर फुलं टाकली का नाही?”

टाकली. आपल्या व्हॉट्सॲप गटावरही टाकली. नंतर न्यायमूर्ती सिरपूरकर यांच्या आयोगाचा अहवाल २०२२ साली बाहेर आला, त्यात पोलिसांची हकीकत विश्वासार्ह नाही असं म्हटलं होतं. फुलं पहिल्या दिवशी आली, हिशेबाचा कागद अडीच वर्षांनी. त्या दिवशी फुलं टाकणाऱ्यांपैकी किती जणांनी तो कागद वाचला असेल? खेळात तो दुसऱ्या मिनिटाला पडद्यावर येतो. तुम्ही कुणाला मारलं, त्याच्या हातात काय होतं, मारायला हवं होतं की नव्हतं. आयुष्यात हे मिळत नाही आणि समीक्षकांनी मार्क दिले असतील तर ते याला दिले असावेत, असं मला वाटतं.

आणि आमच्या भागातल्या माणसाला तर हे कुणी सांगायलाच नको. आमच्याकडचे म्हातारे काळ मोजायचे तो ‘पोलीस ॲक्शनच्या आधी’ आणि ‘पोलीस ॲक्शनच्या नंतर’ असा. लहानपणी मला वाटायचं की चार हवालदार आणि एक फौजदार आले असतील. प्रत्यक्षात १३ सप्टेंबर १९४८ रोजी मेजर जनरल चौधरींच्या नेतृत्वाखाली रणगाड्यांसह भारतीय लष्कर आलं. सोलापूरहून निघालेली फौज नळदुर्गावरून, बोरी नदीवरचा पूल हातात घेऊन, निजामाच्या राज्यात शिरली. नाव मात्र पोलीस ॲक्शन. रझाकारांनी गावोगाव जाळपोळ, लूट, खून मांडला होता, त्यातून लोक सुटले. पाच दिवसांत निजाम शरण आला. ते खरं आहे, आणि १७ सप्टेंबरला आम्ही झेंडावंदन करतो ते मनापासून करतो.

पण कामगिरी संपल्यानंतर हिशेबाचा कागद असतो. भारत सरकारनं पंडित सुंदरलाल यांची समिती त्याच वर्षाअखेर या भागात फिरवली. रझाकार पळाल्यावर मागं राहिलेल्या साध्या मुसलमान कुटुंबांचं काय झालं हे तिनं गावागावांत जाऊन विचारलं. सगळ्यात जास्त झळ बसलेले चार जिल्हे तिनं नोंदवले : उस्मानाबाद, गुलबर्गा, बिदर, नांदेड. संपूर्ण राज्यातल्या मृतांचा तिचा सावध अंदाजच २७ ते ४० हजारांचा होता. तो अहवाल कित्येक दशकं कपाटात राहिला. २०१३च्या सुमारास दिल्लीच्या नेहरू स्मारक संग्रहालयात तो वाचायला मिळू लागला. म्हणजे सुमारे ६५ वर्षांनी. माझ्या आजोबांच्या पिढीतलं कुणीच तोवर उरलं नव्हतं. रकाना भरला होता, ज्यांचे मार्क कापायचे तेच परीक्षेतून उठून गेले होते. शाळेत आम्हाला या धड्याचा पहिला अर्धा भाग होता. तो खरा होता म्हणून पाठ केला, आणि उरलेला अर्धा आहे हे कळायला मला चाळिशी गाठावी लागली.

या विषयावर साडूभाऊ काही बोलले नाहीत. त्यांच्या गावात एक पडकी मशीद आहे.

नव्या खेळांविषयी थोडक्यात सांगतो, कारण ते मला पाहवत नाहीत. ‘रेडी ऑर नॉट’ म्हणून याच घराण्यातला एक खेळ २०२३च्या डिसेंबरात पूर्ण रूपात आला. त्यात कॉलेजातल्या गोळीबाराचाही प्रसंग आहे. समीक्षकांनी दाराबाहेरच्या धडधडीचं कौतुक केलं आणि विषयांच्या निवडीवर कपाळाला आठ्या घातल्या. २०२५ साली तो इतर यंत्रांवर नेताना कंपनीनं काही दृश्यं सौम्य केली. मेलेल्या माणसाचे अवयव तुटत ते तुटेनासे झाले, वगैरे. लगेच हजारो खेळाडूंनी अंगठा खाली केला. आमचा खेळ पांचट केला म्हणाले. ज्या खेळात जिवंत माणसावर उगाच गोळी झाडली तर मार्क जातात, त्याच खेळात मेलेल्याची विटंबना करता येईना म्हणून तक्रार! जिवंतपणी नियम, मेल्यावर मोकळीक. मला वाटतं गोरोबाकाकांचं थापटणं इथं उपयोगी पडलं असतं. कुरकुर कोण करतं तेवढं बघायचं.

गेल्या रविवारी साडूभाऊ स्वतःच संगणकासमोर बसले. चिरंजीवांनी त्यांना सर्वांत सोपी इयत्ता लावून दिली. तिथं पुढं जायला शून्य मार्क पुरतात. साडूभाऊंना ही इयत्ता पसंत पडली, आपल्या खात्यासारखी आहे म्हणाले. ते फेअरफॅक्सच्या घरात शिरले. वाटेत दोन फुलदाण्या आणि एक आरसा फोडला. मग एका खोलीत ती म्हातारी समोर आली. साडूभाऊ ओरडले, हात वर! म्हातारी ऐकेना. काही वेळा ही पात्रं ऐकतात, काही वेळा नाही. तिच्याकडे हत्यार नव्हतं, पण बेड्या घातल्याशिवाय ती सुटली असं धरत नाहीत आणि कामगिरी पुरी होत नाही.

“काका, मिरचीचा फवारा मारा,” चिरंजीव म्हणाले, “त्याचे मार्क कापत नाहीत. मग बसते खाली.”

साडूभाऊंनी फवारा हातात घेतला. म्हातारी घरभर बडबडत होती. ते पुन्हा ओरडले. मग जरा हळू ओरडले. मग चक्क “अहो बाई, बसा की खाली” असं मराठीत म्हणाले.

“काका, मारा ना. परवानगी आहे.”

“असंल परवानगी,” साडूभाऊ म्हणाले आणि फवारा ठेवून दिला. “म्हातारी हाय ती. राहू दे.”

कामगिरी अपुरी म्हणून पडद्यावर लाल अक्षरं आली. साडूभाऊंनी चष्मा काढून पुसला आणि चहा सांगितला.